हापशाच्या गाडीची कुळकथा

पिशोरसारख्या गावात हापसा बंद पडला की खबर कन्नडला पंचायत समितीत जाते आणि दुरुस्तीच्या गाडीची वाट सुरू होते. ही गाडी कुणा एका गावाची नाही. ग्रामपंचायतींनी दर पंपामागे वर्षाची वर्गणी भरायची आणि त्यातून जिल्हा परिषदेने मेकॅनिक, सुटे भाग, वाहन सांभाळायचं, अशी ही रीत.

तिचं कारण बोअरच्या पोटात आहे. आतले वायसर झिजले की 'इंडिया मार्क टू' जातीच्या हापशाचे पाइप एकेक करून वर ओढावे लागतात. शंभर-दीडशे फुटांचं लोखंड ते. तिकाटणं लागतं, पकडी लागतात, ओढायला माणसं लागतात. अधूनमधून निघणाऱ्या कामासाठी एवढा सरंजाम एकटी ग्रामपंचायत कुठून ठेवणार?

पंपाचं कूळ मात्र फार लांबचं नाही. साठच्या दशकात खडक फोडून बोअर घेतली जाऊ लागली, त्यांवर बिडाचे पंप बसले. त्यांचा मूळ नमुना परदेशातल्या एकेका शेतकरी कुटुंबापुरता. इथे पहाटेपासून अख्खं गाव त्यावर तुटून पडायचं. दांडे मोडायचे, सांधे निखळायचे. टिकाऊ तोडगा निघाला तो जालन्यात, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यातच. तिथल्या मिशनच्या पाण्याच्या कामातून एकाच कण्यावर हलणाऱ्या दांड्याचा पोलादी 'जालना पंप' घडला. पुढे 'सोलापूर पंप' आला आणि त्यावरून, युनिसेफच्या मदतीने, सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात 'मार्क टू'. आपल्या काळ्या खडकातून निघालेली ही वस्तू देशभर गेली, याचा अभिमान मराठवाड्यात पुरेसा दिसत नाही.

गाडीमागच्या व्यवस्थेचा, म्हणजे जिल्हा परिषदेचा, उगम १९६१ सालचा. पंचायत राजचा भार कुठल्या पातळीवर टाकायचा, यात बलवंतराय मेहता समितीने १९५७ मध्ये विकास गटाला झुकतं माप दिलं होतं. वसंतराव नाईक समितीने जिल्हा निवडला. अभियंते, यंत्रं, पैसा पेलण्याची ताकद त्याच पातळीवर आहे, असं तिचं मत पडलं. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या. पाइप ओढताना पाहिलेल्या कुणालाही हा निर्णय पटेल. पण सामायिक सोय सगळ्यांच्या वर्गणीवर चालते. ती थकली की झळ बसते नळ न पोचलेल्या वाड्या-तांड्यांना. म्हणून ग्रामपंचायतीने मार्चअखेरची वाट न पाहता हे पैसे उन्हाळ्याआधीच भरावेत.