सरोवराच्या मधोमध पडदा

तळ्यावर शेवाळ माजले की मोरचूद टाकावे, हा उपाय १९०४ साली अमेरिकेच्या शेतीखात्यातील मूर व केलरमन यांनी सुचवला. शेवाळ मरे, पण पुन्हा येई. मग मूळ कारण कोणते? १९७० च्या सुमारास ईरी सरोवर शेवाळाने हिरवे पडत होते, तेव्हा अनेक शास्त्रज्ञ धुण्याच्या पावडरीतील फॉस्फेटकडे बोट दाखवीत. पावडरीचे कारखानदार म्हणत, दोष कार्बनचा!

आम्हा संगणकवाल्यांचा एक नियम आहे. चूक शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी. डेव्हिड शिंडलर यांनी १९७३ साली कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात नेमके हेच केले. तेथील रानातले २२६ क्रमांकाचे सरोवर मध्ये चिंचोळे आहे. त्या जागी पडदा लावून त्यांनी सरोवराचे दोन भाग केले. दोन्ही भागांत नायट्रेट आणि कार्बनसाठी साखर टाकली. फॉस्फेट मात्र एकातच. त्याच उन्हाळ्यात फॉस्फेटचा भाग हिरवागार झाला, दुसरा होता तसाच राहिला. विमानातून घेतलेल्या छायाचित्राने वादावरही पडदा पडला.

पावडरीतले फॉस्फेट घटले, सांडपाणी शुद्ध होऊ लागले, ईरी सावरले. तरीही ऑगस्ट २०१४ मध्ये टोलीडो परिसरातील सुमारे चार लाख लोकांना नळाचे पाणी पिऊ नका, असे सांगावे लागले. शेवाळाचे विष उकळूनही जात नाही. या वेळी फॉस्फरस आला तो मुख्यतः शेतांतून वाहून. पावडर बदलता आली. हजारो शेतांचे पाणी कोणत्या पडद्याने अडवणार?

मंडळी, वसंतात अंगणातल्या हिरवळीला खत घालताना ते छायाचित्र जरूर आठवा.