एक महापालिका, तीन नावे

मी मिरजेचा. १८०१ साली पटवर्धनांच्या घरात काका-पुतण्याचे बिनसले. मिरज काका गंगाधररावांकडे राहिली, पुतणे चिंतामणराव सांगलीला गेले. दोन गादी, दोन दरबार, पुढे दोन नगरपालिका. १९४८ साली संस्थाने विलीन झाली, पण नगरपालिका वेगळ्याच राहिल्या. ९ फेब्रुवारी १९९८ रोजी त्या दोन्ही आणि कुपवाड मिळून महापालिका झाली. पाणी दोघांना कृष्णेचेच, मग कारभार दोन कशाला? हिशेब बरोबर होता. नाव मात्र कुणी सोडेना, म्हणून सांगली-मिरज-कुपवाड! त्यातही काकांचे गाव पुतण्याच्या मागे. मुख्यालय सांगलीत, आम्हा मिरजकरांना हे अजून टोचते, खोटे कशाला बोलू? पत्त्यात मी आजही नुसते ‘मिरज’ लिहितो. पत्रे पोहोचतात.