वाट चुकलेली ग्रंथी: जन्मजात थायरॉईड दोषांचा इतिहास

थायरॉईड म्हटलं की आपल्याला काय आठवतं? सकाळी उपाशीपोटी घ्यायची ती छोटी गोळी, वाढलेलं वजन, टीएसएचचा रिपोर्ट. हे सगळं मोठ्या माणसांचं झालं. आज आपण बोलणार आहोत ते जन्माच्याही आधी थायरॉईडचं जे बिघडतं, त्याबद्दल. आणि ते माणसाला कळलं कसं, त्याबद्दल.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. थायरॉईड गळ्यात असते, पण ती गळ्यात तयार होत नाही. गर्भ साधारण चार आठवड्यांचा असताना ती जिभेच्या मुळाशी उगवते. मग हळूहळू खाली सरकत, कंठाच्या हाडापुढून सातव्या आठवड्यापर्यंत आपल्या जागी पोचते. तिच्यामागे एक बारीक नळी राहते, आणि तीही पुढे विरून जाते. जिभेच्या मागच्या भागात एक छोटासा खड्डा आपल्या सगळ्यांना असतो. ती या प्रवासाची उरलेली खूण.

आता या प्रवासात तीन घोटाळे होऊ शकतात. ग्रंथी तयारच होत नाही. किंवा वाटेत अडकते. किंवा ती पोचते, पण मागची नळी बुजत नाही. या तिन्ही गोष्टी डॉक्टरांना वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या रुग्णांमुळे कळल्या.

'थायरॉईड' हे नाव दिलं इंग्लंडच्या थॉमस व्हार्टन यांनी, १६५६ मध्ये. ग्रीक भाषेतल्या ढालीवरून. पण ही ग्रंथी करते काय? व्हार्टन यांना वाटलं, गळ्याला गोलाई यावी म्हणून ती असावी! हसू नका. पुढची दोनशे वर्षं याहून फार चांगलं उत्तर कुणाकडे नव्हतं.

आल्प्स पर्वताच्या खोऱ्यांत तेव्हा गलगंडाचे रुग्ण खूप असत. तिथंच वाढ खुंटलेली, बुद्धी मंद राहिलेली माणसंही बरीच दिसत. साहजिकच समज असा झाला की ग्रंथी फुगल्यामुळे बुद्धी खुंटते. या समजाला पहिला मोठा धक्का दिला लंडनचे सर्जन थॉमस कर्लिंग यांनी, १८५० मध्ये. दोन मुलींचं शवविच्छेदन त्यांनी नोंदवलं. दोघींची वाढ आणि बुद्धी खुंटलेली होती, पण गळ्यात गलगंड तर नव्हताच, थायरॉईडचा मागमूसही नव्हता. म्हणजे ग्रंथी फुगणं हे मूळ दुखणं नव्हतं, तिचं काम न होणं हे होतं. हा झाला पहिला घोटाळा.

दुसरा घोटाळा १८६९ सालचा. हिकमन नावाच्या डॉक्टरांनी लंडनच्या पॅथॉलॉजिकल सोसायटीपुढे एका नवजात बाळाची हकिकत मांडली. बाळाच्या जिभेच्या मुळाशी गाठ होती. तिच्या दाबानं श्वास कोंडला आणि जन्मानंतर सोळा तासांत बाळ गेलं. जिभेवर अडकलेल्या थायरॉईडची ही पहिली नोंद मानली जाते.

तिसऱ्याचं कोडं उलगडलं गर्भशास्त्रामुळे. जर्मनीत काम करणारे विल्हेल्म हिस यांनी १८८०च्या दशकात गर्भातल्या त्या नळीचा मार्ग दाखवून दिला. मुलांच्या गळ्यात मधोमध येणारी, जीभ बाहेर काढली की वर सरकणारी गाठ याच नळीच्या अवशेषातून येते. ही गाठ नुसती कापली की पुन्हा पुन्हा उगवायची. अमेरिकेत मेयो क्लिनिकचे वॉल्टर सिस्ट्रंक यांनी १९२० मध्ये पद्धत मांडली: गाठीबरोबर कंठाच्या हाडाचा मधला तुकडा आणि जिभेपर्यंतचा मार्गही काढायचा. आजही सर्जन त्यांच्याच नावाची शस्त्रक्रिया करतात.

पण मंडळी, कापण्यात एक मोठा धोका लपलेला होता. स्वित्झर्लंडचे थिओडोर कोखर हे थायरॉईडच्या शस्त्रक्रियेतले उस्ताद. १८७४ मध्ये त्यांनी ११ वर्षांच्या एका मुलीची थायरॉईड पूर्ण काढली. शस्त्रक्रिया उत्तम झाली. पण पुढे कळलं, मुलगी मंद झाली आणि तिची वाढ थांबली. कोखर यांनी जुन्या रुग्णांना पुन्हा बोलावून तपासलं. ज्यांची ग्रंथी पूर्ण काढली होती, त्यांतल्या बहुतेकांची अशीच अवस्था होती. हे त्यांनी १८८३ मध्ये भर सभेत जाहीर केलं. १९०९ चं नोबेल त्यांना मिळालं.

याचा आपल्या विषयाशी संबंध असा: जिभेवर थायरॉईड अडकलेल्या दहापैकी सुमारे सात जणांना गळ्यात दुसरी थायरॉईडच नसते. जिभेवरची 'गाठ' काढणं म्हणजे त्यांची एकुलती एक ग्रंथी काढून टाकणं. म्हणून आज सोनोग्राफी किंवा स्कॅन करून गळ्यात थायरॉईड आहे ना, हे आधी पाहतात.

मग ज्यांना ग्रंथीच नाही, त्यांचं काय? १८९१ मध्ये न्यूकॅसलचे जॉर्ज मरे यांनी थायरॉईड मंदावलेल्या एका बाईंना मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचला. त्या बाई त्यानंतर २८ वर्षं जगल्या. त्यासाठी ८७० हून जास्त मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या! एडवर्ड केंडॉल यांनी १९१४ च्या नाताळात शुद्ध थायरॉक्सिन वेगळं केलं, १९२७ मध्ये ते प्रयोगशाळेत बनलं. तीच आजची छोटी गोळी.

औषध आलं, तरी बाळांची बुद्धी वाचत नव्हती. का? कारण आईचं हार्मोन पोटातल्या बाळाला थोडंफार पोचतं. त्यामुळे जन्मल्यावर बाळ ठणठणीत दिसतं. शांत असतं, फार रडत नाही, खूप झोपतं. घरातले म्हणतात, 'किती गुणी बाळ!' लक्षणं ओळखू येईपर्यंत महिने जातात, आणि मेंदूचं झालेलं नुकसान मग भरून येत नाही.

यावर उपाय काढला कॅनडातल्या क्वेबेकच्या ज्याँ दुसो यांनी, १९७०च्या दशकात. बाळाच्या टाचेतून रक्ताचे काही थेंब टिपकागदावर घ्यायचे आणि हार्मोन मोजायचं. अशा चाचण्यांमुळे कळलं की जगात साधारण तीन-चार हजार बाळांमागे एकाला हा जन्मजात दोष असतो, आणि बहुतेकांत कारण असतं नसलेली किंवा वाट चुकलेली थायरॉईड. पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर ही मुलं इतरांसारखीच शिकतात, वाढतात.

आपल्याकडे गोव्यानं २००८ मध्ये नवजात बाळांच्या तपासणीचा कार्यक्रम सुरू केला. केरळमध्येही सरकारी रुग्णालयांत ती होते. पण देशभर प्रत्येक बाळाची ही चाचणी होतेच असं नाही. म्हणून तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला किंवा बेळगावला, घरात बाळ जन्मलं की बारशाच्या तयारीआधी डॉक्टरांना एक प्रश्न विचारा: 'बाळाची टीएसएच तपासणी झाली का?' कर्लिंग यांच्या त्या दोन मुलींसाठी हा प्रश्न विचारणारं कुणी नव्हतं. आपल्या बाळांसाठी आपण आहोत.