नागसेनवन आणि तपासनीस यंत्र

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली महाविद्यालय काढले. पुढे त्याला ‘मिलिंद’ हे नाव मिळाले व परिसराला नागसेनवन. मिलिंद हा भिक्खू नागसेनाला प्रश्नामागून प्रश्न विचारणारा ग्रीक राजा. उत्तर पुरेसे उलगडले नाही की तो दृष्टांत मागे. निजामी राजवटीत उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. अशा मुलखात, घरातील पहिल्याच शिकणाऱ्या पिढीसाठी उभ्या राहिलेल्या विद्यालयाला हे नाव किती साजेसे होते!

या घटनेनंतर तीनच वर्षांनी, नोव्हेंबर १९५३ मध्ये, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर आपल्या मुलीच्या गणिताच्या तासाला पालक म्हणून जाऊन बसले. गणित बरोबर की चूक हे मुलांना दुसऱ्या दिवसापर्यंत कळणार नव्हते. ही दिरंगाई त्यांना खटकली आणि त्यातून त्यांचे अध्यापन-यंत्र जन्मले. उत्तर तपासणारे यंत्र सिडनी प्रेसी यांनी १९२६ मध्येच मांडले होते. १९६० साली इलिनॉय विद्यापीठाने हेच काम ‘प्लेटो’ या संगणक-प्रणालीकडे सोपवले.

महाराष्ट्रात ही रीत सर्वसामान्यांपर्यंत नेली ती २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने. शासकीय नोकरीसाठी प्रमाणपत्र हवे, म्हणून पुष्कळजण तेथे आले हे खरे. परंतु तालुक्याच्या गावी, मराठीतून, पडद्यासमोर सराव करणाऱ्याची चूक वर्गात कुणाला ऐकू जात नव्हती. ज्याने हसे होण्याच्या भीतीने कधी हात वर केला नाही, त्याला या मूक तपासनिसाचे मोल विचारावे.

मात्र येथे भूमिका उलटल्या, हे ध्यानात घेतले पाहिजे. प्रश्न यंत्राचा, पर्यायही यंत्राचेच. विद्यार्थ्याने फक्त निवड करायची. निबंधाचे तर विचारूच नका. एलिस पेज यांनी १९६६ मध्ये निबंध तपासणारी संगणक-पद्धती सुचविली. ती निबंधाची लांबी, शब्दांची लांबी, विरामचिन्हे यांसारख्या बाह्य खुणांवरून गुण देई, आणि ते गुण परीक्षकांच्या गुणांशी बऱ्यापैकी जुळत! यात यंत्राची थोरवी किती आणि आपल्या परीक्षकांची सवय किती, असा प्रश्न मला पडतो.

आता भाषेवर पोसलेली नवी यंत्रे मराठीतून उलट प्रश्नही ऐकून घेतात. दृष्टांत मागितला तर देतात. ‘मिलिंदपञ्ह’ ग्रंथात संवादाला आरंभ करण्यापूर्वी नागसेन अट घालतो, की चर्चा पंडितांच्या रीतीने व्हावी, राजांच्या नव्हे. पंडितांमध्ये चूक दाखविली जाते, ती मान्यही होते, आणि कोणी रागावत नाही. यंत्र रागावत नाही, एवढी अट ते पाळते. पण विद्यार्थ्याने जरा ठासून आक्षेप घेतला, की आपले उत्तर बरोबर असतानाही ते पुष्कळदा माघार घेते. आणि चुकीचे उत्तर तितक्याच ठामपणे देते. नागसेनाने मिलिंदाला असे कधी सोडले नव्हते.