आहे त्या मुलांचा खेळ : शालेय फुटबॉल आणि 'विशबोन'

अमेरिकन फुटबॉलचे रूप गेल्या काही दशकांत पार पालटले आहे. चेंडू हवेतून लांबवर फेकणारा क्वार्टरबॅक आणि तो धावत झेलणारे चपळ खेळाडू हेच आज या खेळाचे मुख्य आकर्षण मानले जाते. व्यावसायिक संघांनी तर धावत चेंडू नेण्याच्या जुन्या व्यूहरचना केव्हाच मोडीत काढल्या. असे असूनही शुक्रवारी रात्री तेथील माध्यमिक शाळांचे सामने रंगतात, तेव्हा काही मैदानांवर १९६८ साली जन्मलेली एक रचना आजही पाहावयास मिळते. तिचे नाव 'विशबोन'. महाविद्यालयांतून जवळजवळ लुप्त झालेली ही पद्धत शाळांनी का जपली, या प्रश्नाचे उत्तर शालेय खेळाच्या स्वरूपातच दडलेले आहे.

रचना कशी असते?

हा फुटबॉल आपल्याकडील फुटबॉलहून वेगळा. चेंडू अंडाकृती असतो आणि तो मुख्यतः हातानेच खेळला जातो. प्रत्येक संघाचे अकरा खेळाडू मैदानात असतात. चढाई करणाऱ्या संघाने चार प्रयत्नांत किमान दहा यार्ड पुढे सरकावयाचे असते. ते साधले की पुन्हा चार प्रयत्न मिळतात. न साधल्यास चेंडू प्रतिपक्षाकडे जातो.

विशबोनमध्ये आघाडीच्या फळीला खेटून क्वार्टरबॅक उभा राहतो. त्याच्या थेट मागे फुलबॅक आणि त्याच्याही किंचित मागे, डावीकडे व उजवीकडे, एकेक हाफबॅक. वरून पाहिल्यास या चौघांची आकृती इंग्रजी 'वाय' अक्षरासारखी दिसते. कोंबडीच्या किंवा टर्कीच्या छातीतील दुबेळक्याच्या आकाराचे हाड दोघांनी दोन टोकांनी ओढावयाचे आणि ज्याच्या हाती मोठा तुकडा येईल त्याची इच्छा पूर्ण होते असे मानावयाचे, अशी अमेरिकेत जुनी प्रथा आहे. त्या हाडाचे नाव या रचनेस मिळाले. नामकरणाचे श्रेय ह्यूस्टनचे क्रीडा पत्रकार मिकी हर्स्कोविट्झ यांना दिले जाते.

तीन पर्यायांचे गणित

या रचनेचा प्राण म्हणजे 'ट्रिपल ऑप्शन'. चेंडू हाती येताच क्वार्टरबॅक तो फुलबॅकच्या पोटाशी धरतो; मात्र लगेच सोडत नाही. त्याची नजर बचाव फळीतील एका ठरावीक खेळाडूवर असते. त्या खेळाडूला मुद्दामच कोणी अडवलेले नसते. तो फुलबॅकवर झेपावला, तर क्वार्टरबॅक चेंडू काढून घेतो आणि कडेने धावू लागतो. तो जागीच थांबला वा बाहेर सरकला, तर चेंडू फुलबॅककडेच राहतो. कडेला असाच न अडवलेला दुसरा बचावपटू असतो. तो क्वार्टरबॅकच्या अंगावर आला की चेंडू बाजूने धावणाऱ्या हाफबॅककडे फेकला जातो. न आल्यास क्वार्टरबॅक स्वतःच पुढे घुसतो. दुसरा हाफबॅक सर्वांच्या पुढे धावत वाट मोकळी करतो.

अर्थात दोन बचावपटूंना कोणी हातही न लावता, केवळ त्यांच्या हालचालीवरून निर्णय घेऊन निष्प्रभ केले जाते. त्यामुळे त्यांना अडवण्याच्या कामातून सुटलेले खेळाडू अन्यत्र उपयोगी पडतात. प्रतिपक्षाचा सर्वांत धिप्पाड खेळाडू आपल्या मुलांना ढकलता येत नसेल, तर त्याला ढकलूच नये, असे हे सरळ तर्कशास्त्र आहे.

शाळेतून विद्यापीठात

ही कल्पना ज्यांच्या डोक्यातून निघाली ते एमरी बेलार्ड मुळात शालेय प्रशिक्षक होते. टेक्सासमधील ब्रेकेनरिज येथील शाळेला १९५८ व १९५९ मध्ये, तर सॅन अँजेलो सेंट्रलला १९६६ मध्ये त्यांनी राज्य विजेतेपद मिळवून दिले होते. १९६७ मध्ये ते टेक्सास विद्यापीठात आले. पुढील वर्षी मुख्य प्रशिक्षक डॅरेल रॉयल यांनी चढाईची जबाबदारी त्यांच्याकडे सोपवली. ह्यूस्टन विद्यापीठाचे बिल योमन यांची 'व्हीअर' ही पर्यायांवर आधारलेली रचना त्या वेळी गाजत होती. तिच्यात दोन धावपटू असत. बेलार्ड यांनी तिसरा जोडला.

आरंभ अडखळतच झाला. ह्यूस्टनविरुद्ध २०-२० अशी बरोबरी आणि टेक्सास टेककडून ३१-२२ असा पराभव. त्यानंतर जेम्स स्ट्रीट याला क्वार्टरबॅक करण्यात आले, फुलबॅकला थोडे मागे नेण्यात आले आणि पुढचे सलग ३० सामने टेक्सासने जिंकले. १ जानेवारी १९७१ रोजी नोत्र दामने २४-११ असा विजय मिळवून ही मालिका खंडित केली. तोवर विशबोनचा प्रसार सुरू झाला होता. १९७१ च्या हंगामात ओक्लाहोमाने प्रत्येक सामन्यात सरासरी ४७२.४ यार्ड केवळ धावून मिळवले. त्याच वर्षी अलाबामाचे बेअर ब्रायंट यांनी या रचनेची तयारी गुप्त ठेवून पहिल्याच सामन्यात सदर्न कॅलिफोर्नियाला धक्का दिला.

शाळांनी ती का सोडली नाही?

विद्यापीठ देशभरातून हवे तसे खेळाडू निवडून आणू शकते. सरकारी शाळेच्या प्रशिक्षकाला मात्र बहुधा आपल्या परिसरातील मुलांवरच संघ उभारावा लागतो. साठ यार्ड अचूक चेंडू फेकणारा मुलगा एखाद्या गावाला दहा वर्षांतून एकदा लाभतो. धावणारी, धडक सोसणारी आणि सांगितलेले काम चोख करणारी मुले दरवर्षी असतात. विशबोनला नेमकी हीच मुले लागतात.

दुसरा लाभ तयारीचा. इतर वेळी खुल्या, फेकीच्या खेळाशी झुंजणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला विशबोनसाठी जेमतेम तीन-चार दिवसांचा सराव मिळतो. क्वार्टरबॅकचा तो क्षणार्धातील निर्णय सरावात हुबेहूब उभा करणे त्याच्या राखीव खेळाडूंना जमत नाही. शिवाय धावत्या खेळात घड्याळ थांबत नाही, त्यामुळे बलाढ्य संघाच्या हाती चेंडू कमी वेळ पडतो. विशबोनची थोरली बहीण असलेल्या 'व्हीअर'च्या बळावर कॅलिफोर्नियातील दे ला साल या शाळेने १९९२ ते २००४ या काळात सलग १५१ सामने जिंकले, हे येथे नमूद करावयास हवे. लष्करी अकादमींच्या संघांनीही याच कुळातील 'फ्लेक्सबोन' दीर्घकाळ वापरली.

दुसरी बाजू

या पद्धतीचे दोषही लहान नाहीत. मोठ्या फरकाने पिछाडीवर पडलेल्या संघाला ती झटपट सावरू देत नाही. चेंडूची देवघेव सतत चालत असल्याने तो निसटण्याचा धोका असतो आणि क्वार्टरबॅकला वारंवार मार खावा लागतो. पालकांचा आक्षेप अधिक गंभीर आहे. चेंडू फेकण्यात वा झेलण्यात निपुण असलेल्या मुलाला येथे कौशल्य दाखवण्याची संधी क्वचितच मिळते आणि महाविद्यालयीन शिष्यवृत्ती तर त्याच कौशल्यावर अवलंबून असते. एका मुलाचे भवितव्य मोठे की तीस मुलांचा हंगाम, हा पेच प्रशिक्षकाला खरोखरच सोडवावा लागतो.

तथापि शाळेत खेळणाऱ्या बहुसंख्य मुलांच्या आयुष्यातील फुटबॉल बारावीबरोबरच संपतो. त्यांच्या दृष्टीने अंगावर गणवेश चढवून संघासाठी उपयोगी पडण्याची हीच वर्षे असतात. विशबोनमध्ये चेंडूला कधीही हात न लावणाऱ्या हाफबॅकची धावही निर्णायक ठरते.

बेलार्ड यांनी पुढे टेक्सास ए अँड एम आणि मिसिसिपी स्टेट या विद्यापीठांचे मुख्य प्रशिक्षकपद भूषवले. १९८८ मध्ये मात्र ते पुन्हा शाळेत परतले आणि ह्यूस्टनजवळील वेस्टफील्ड हायस्कूलच्या मुलांना १९९३ पर्यंत शिकवत राहिले. २०११ मध्ये त्यांचे निधन झाले.