मराठी भाषकांच्या इंग्रजीतील समोच्चारी शब्द

भिन्न अर्थांच्या ज्या शब्दांचा उच्चार एकसारखा होतो, त्यांना समोच्चारी शब्द म्हणतात. इंग्रजीत असे शब्द पुष्कळ आहेत. मात्र कोणते शब्द समोच्चारी ठरतात, हे बोलणाऱ्याच्या उच्चारपद्धतीवर अवलंबून असते. मराठी भाषकांच्या इंग्रजीत काही जोड्या एकरूप होतात, तर इंग्लंडमध्ये एकरूप झालेल्या काही जोड्या वेगळ्या राहतात.

व्यंजने

इंग्रजीतील ‘व्ही’ या अक्षराचा उच्चार खालचा ओठ वरच्या दातांना टेकवून करतात. ‘डब्ल्यू’साठी दोन्ही ओठ गोल होतात. मराठी लेखनात पहिल्यासाठी ‘व्ह’ (व्हॅन, व्होट) आणि दुसऱ्यासाठी ‘व’ (वॉर्ड, वायर) वापरतात. मात्र ‘डब्ल्यू’नंतर ‘एच’ असलेले शब्दही (व्हील, व्हिस्की) ‘व्ह’नेच लिहिले जातात. परिणामी देवमासा आणि चेहऱ्यावरील जाळीदार पडदा या अर्थांचे दोन्ही शब्द मराठीत ‘व्हेल’ होतात. इंग्लंडच्या बहुतेक भागांत मात्र देवमाशाचा शब्द आक्रोश या अर्थाच्या ‘वेल’शी समोच्चारी आहे. स्कॉटलंडमधील अनेक भाषक हे तिन्ही शब्द वेगळे उच्चारतात.

दक्षिण इंग्लंडच्या प्रमाण उच्चारात स्वरापूर्वी नसलेला ‘र’ लोप पावतो. त्यामुळे चटणीवाचक ‘सॉस’ आणि स्रोतवाचक ‘सोर्स’ एकसारखे ऐकू येतात. मराठी भाषक ‘र’ उच्चारत असल्याने येथे हा घोटाळा होत नाही. लंडनच्या काही बोलींत ‘थ्री’ आणि ‘फ्री’ समोच्चारी होतात. मराठीत ‘थ’ आणि ‘फ’ स्पष्टपणे वेगळे राहतात.

स्वर

मराठी बोलण्यात इकार-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद क्षीण आहे. त्यामुळे जहाजवाचक ‘शिप’ आणि मेंढीवाचक ‘शीप’, तसेच ओढणे या अर्थाचा ‘पुल’ आणि तलाव या अर्थाचा ‘पूल’ अनेकदा सारखेच उच्चारले जातात. यांतील दुसरी जोडी स्कॉटलंडच्या इंग्रजीतही समोच्चारी आहे. खाट या अर्थाचा शब्द आणि ‘पकडले’ या अर्थाचा शब्द मराठीत दोन्ही ‘कॉट’ होतात. कॅनडात व अमेरिकेच्या पश्चिम भागातही हे दोन शब्द एकरूप आहेत.

लेखन आणि सीमाभाग

‘पेन’ आणि ‘पॅन’ यांतील भेद दाखवण्यासाठी मराठीत ॲ हा स्वर रूढ झाला. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने ॲ आणि ऑ यांना वर्णमालेत स्थान दिले. हिंदीत याच ध्वनीसाठी ‘ऐ’ची मात्रा वापरतात.

गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यातील दरेकसा हे हावडा–नागपूर–मुंबई रेल्वेमार्गावरील स्थानक आहे. पूर्वेकडील पुढचे बोरतलाव स्थानक छत्तीसगडमध्ये आहे. अशा सीमाभागात ‘बँक’ व ‘बैंक’, ‘व्होट’ व ‘वोट’ ही दोन्ही रूपे वाचनात येऊ शकतात. हिंदीत ‘ऐ’ साधारणतः एकस्वरी, तर मराठीत ‘अइ’ असा संयुक्त उच्चारला जातो. म्हणून हिंदी रूप मराठी पद्धतीने वाचल्यास मूळ इंग्रजी उच्चार दुरावतो.

अध्यापनातील महत्त्व

महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकवली जाते. श्रुतलेखनात समोच्चारी शब्दाचे स्पेलिंग केवळ ऐकून ठरवता येत नाही. त्यासाठी वाक्याचा संदर्भ द्यावा लागतो. म्हणून अशा वेळी झालेली चूक अज्ञानाची असेलच असे नाही. ती शिक्षकाच्या आणि विद्यार्थ्याच्या उच्चारपद्धतींतील फरकामुळेही होऊ शकते. एकाच ध्वनीने वेगळ्या होणाऱ्या शब्दजोड्या ऐकवून व म्हणवून घेतल्यास हा फरक लक्षात येतो.