ढाक्यातली खुर्ची आणि ईशान्येतल्या बंदुका

मार्च १९६६मध्ये भारतीय हवाई दलाने ऐझॉलवर बॉम्ब टाकले. मिझो नॅशनल फ्रंटचे बंडखोर सरहद्द ओलांडून पूर्व पाकिस्तानात शिरले आणि चितगावच्या डोंगराळ मुलखात त्यांना तळ, शस्त्रं, प्रशिक्षण असं सगळं मिळालं. डिसेंबर १९७१मध्ये ढाका पडलं. यजमानच गेला, तशी पाहुण्यांची दाणादाण उडाली. त्यांचे नेते लालडेंगा पुढे पाकिस्तानात पोचले.

१९७५च्या ऑगस्टमध्ये बांगलादेशचे संस्थापक नेते मुजीबुर रहमान यांची हत्या झाली आणि मिझोंना चितगावचं दार पुन्हा किलकिलं झालं. मात्र दिल्लीही हात बांधून बसली नव्हती. त्याच डोंगरांतल्या चकमा आदिवासींची शांतिबाहिनी त्रिपुरात आसरा घेऊन बांगलादेशी लष्कराशी लढत होती. आपल्याकडे ही बाजू क्वचितच सांगितली जाते.

मुजीब यांच्या कन्या शेख हसीना पहिल्यांदा सत्तेवर आल्यावर, डिसेंबर १९९७मध्ये, त्यांच्या सरकारने शांतिबाहिनीच्या बंडखोरांशी करार केला. त्याच महिन्यात आसामच्या उल्फा या बंडखोर संघटनेचा नेता अनुप चेतिया ढाक्यात पकडला गेला. पण अटक वेगळी आणि सुपूर्द करणं वेगळं: २००१मध्ये खालिदा झिया जमात-ए-इस्लामी या पक्षाला सोबत घेऊन सत्तेत परतल्या, आणि चेतिया तिथेच राहिला.

या काळातला सगळ्यात मोठा घबाडाचा किस्सा एप्रिल २००४चा. चितगावला कर्णफुली नदीच्या काठी, एका सरकारी खत कारखान्याच्या धक्क्यावर रात्री शस्त्रं उतरवली जात होती. पोलिसांनी अडवलं, तर दहा ट्रक माल निघाला: हजारो बंदुका, सुमारे २७ हजार हातबॉम्ब. माल उल्फासाठी होता. कारखाना ज्या उद्योग खात्याखाली येत होता, त्याचे मंत्री होते जमातचे मतिउर रहमान निजामी. एवढा माल चुकून तिथे उतरला, यावर विश्वास ठेवायला फारच भोळं मन हवं.

२००९मध्ये हसीना परतल्या. प्रत्यार्पण करार व्हायला २०१३ उजाडलं, पण उल्फाचे अध्यक्ष अरविंद राजखोवा २००९च्या डिसेंबरातच भारताच्या ताब्यात होते. चेतिया २०१५मध्ये आला. लष्करी प्रमुख परेश बरुआ तेवढा निसटला. २०१४मध्ये चितगावच्या न्यायालयाने त्या दहा ट्रक शस्त्रांच्या खटल्यात निजामी, माजी गृहराज्यमंत्री लुत्फुज्जमान बाबर आणि बरुआ यांच्यासह चौदा जणांना फाशी सुनावली.

५ ऑगस्ट २०२४ला हसीना देश सोडून भारतात आल्या. डिसेंबरमध्ये ढाक्याच्या उच्च न्यायालयाने बाबर यांना या खटल्यातून निर्दोष सोडलं आणि बरुआची फाशी जन्मठेपेवर आणली.